गुडघ्याची गोळी

सिद्धेश्वरीचा फोन आला तेव्हा रेवणसिद्ध नवी पेठेतल्या मेडिकलच्या काउंटरवर एका म्हाताऱ्याला गोळी जेवणाआधी घ्यायची की नंतर, ते समजावून सांगत होता. अव्वा न्हाणीत पडल्यात, रक्ताची उलटी झालीय, एवढंच बायको बोलली. तो तसाच निघाला.

दवाखान्यात त्याची आई, चंद्रव्वा, पांढरीफटक पडली होती. नर्स तिच्या हाताला रक्ताची पिशवी लावत होती. सिद्धेश्वरीनं हलक्या आवाजात सांगितलं, चार दिवस अव्वांना शौचाला डांबरासारखं काळं होत होतं, ते त्यांनी आत्ता सांगितलं. कारळाच्या चटणीनं होत असेल असं समजून त्या गप्प बसल्या. सुनेला तरी असलं काय सांगायचं!

डॉक्टरांनी फाइल चाळली. हृदयाचे ठोके बिघडल्यापासून दोन वर्षं तिला रक्त पातळ करायची गोळी चालू होती. पोटात जखम होऊन रक्त वाहतंय आणि या गोळीमुळं ते थांबत नाही, असं सांगून त्यांनी विचारलं, "दुखण्यावरची वगैरे दुसरी काही गोळी घेत होत्या का?"

सिद्धेश्वरीनं नाही म्हणून मान हलवली. तिला ठाऊकच नव्हतं.

आठवड्यामागं दुकानातून रेवणसिद्धच दुखण्यावरच्या गोळ्या घरी घेऊन गेला होता. बावीस वर्षं तो काउंटरवर उभा होता. रक्त पातळ करायच्या गोळीबरोबर ही चालत नाही, हे त्यानं कितीतरी गिऱ्हाइकांना सांगितलं होतं. त्या संध्याकाळी त्याला आईचे सुजलेले गुडघे तेवढे दिसले होते.

"घेत होती," तो म्हणाला. "गुडघ्यासाठी, सकाळ-संध्याकाळ. मीच दिली, साहेब."

डॉक्टरांनी गोळीचं नाव विचारून लिहून घेतलं.

दुर्बीण घालून जखम बंद केली. चार पिशव्या रक्त चढलं. तिसऱ्या दिवशी चंद्रव्वा बोलायला लागली, तेव्हा त्यानं कॉटशी वाकून तिला सगळं सांगितलं.

"गुडघं मातर लई हलकं झालं हुतं रे," ती म्हणाली.

दुपारी नर्सनं पोटाची गोळी त्याच्या हातात दिली आणि आईला द्यायला सांगितली. त्यानं नाव वाचलं, पुन्हा वाचलं, नर्सला विचारून खात्री केली. तरी हात पुढं होईना.

गोळी कसली, हे चंद्रव्वानं विचारलं नाही. तोंड उघडून ती वाट बघत राहिली.