नेहमी ‘हो’ म्हणणारा देव

तैवानच्या किनाऱ्यावरच्या त्या देवळात पाय ठेवायला जागा नव्हती. उदबत्त्यांचा धूर, घामाचा वास, आणि मधोमध उघड्या अंगाने डुलणारा शिफू क्वे. त्याच्या अंगात समुद्रदेव येतो, अशी साऱ्या बंदराची खात्री. देवही मोठा सोयीचा; सुट्टीच्या दिवशी, गर्दी जमल्यावरच यायचा.

सू-च्यूने आपल्या सहा वर्षांच्या आनिंगचा हात घट्ट धरला होता. पोरगी घरात अखंड बडबडायची. शाळेत पाऊल टाकलं की ओठ शिवल्यासारखे. डॉक्टरांनी कान तपासून ठीक सांगितले, शाळेच्या बाईंनी तिला हट्टी ठरवलं, शेजारणीने मंद. शेवटी सासूबाईंनी इथे आणलं.

“बुडून मेलेल्या कुणीतरी हिची जीभ धरलीय!” शिफू घुमला. “खोटं वाटतं? देवालाच विचारा!”

त्याने चंद्रकोरीसारखी दोन लाकडं जमिनीवर टाकली. एक सपाट बाजू वर, एक फुगीर बाजू वर: म्हणजे देवाचा होकार. पुन्हा टाकली, होकार. तिसऱ्यांदाही होकार. गर्दीने हात जोडले. मग शिफूने राखेचं पाणी तोंडात घेतलं आणि सुपारीने लाल झालेल्या दातांतून पोरीच्या तोंडावर फुर्रकन उडवलं. आनिंग थिजली. रडलीसुद्धा नाही.

“पुढच्या सुट्टीला जिभेला सुई टोचू. भूत रक्तावाटे जाईल.”

त्या दिवसापासून आनिंग घरातही नुसती कुजबुजायला लागली. सू-च्यूला वाटलं, उरलासुरला आवाजही हा माणूस घेऊन जाणार!

सुईच्या आदल्या दिवशी सू-च्यू कालवं फोडत बसली होती. पोरगी तिच्या कानाशी आली.

“आई, डागवालं लाकूड नेहमी सपाट बाजू वर करून पडतं. दुसरं नेहमी पालथं.”

न बोलणारं पोर बघत मात्र सगळं असतं.

दुसऱ्या दिवशी शिफूने सुई दिव्यावर धरली. सू-च्यू पुढे झाली.

“थांबा. आधी मला देवाला विचारू द्या.”

“विचार की! देव आईला नाही म्हणत नाही.”

तिने लाकडं उचलली. “देवा, माझी आनिंग मुलगा आहे का?”

होकार. मागे कुणीतरी खुदकन हसलं.

“माझ्या सासूबाईंना शेपूट आहे का?”

होकार.

“अगं ए!” सासूबाई ओरडल्या.

“हा शिफू लबाड आहे का?”

होकार.

“देव हसतोय!” शिफू घाईघाईने म्हणाला. “देव थट्टेत आहे आज!”

“देव हसला की दोन्ही सपाट बाजू वर येतात,” सासूबाई म्हणाल्या. “जन्मभर टाकतेय मी ही लाकडं. मला शिकवतोस? आण इकडे.”

त्यांनी कमरेची कालवं फोडायची सुरी काढली आणि रंगाखालचं मेण उकरलं. शिशाची गोळी टपकन खाली पडली. दुसऱ्यातूनही पडली. एकात शिसं फुगीर बाजूला, एकात सपाट बाजूला. जड बाजू खाली जाणारच. त्याला देव कशाला हवा?

“आणि ह्याची थुंकी मी नातीच्या तोंडावर पडू दिली,” म्हणत सासूबाई शिफूच्या पायाशी थुंकल्या.

मग तिघी शहरात मुलांच्या मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. बाईंनी शिफूची सगळी हकीकत ऐकून घेतली, पण आनिंगला ‘बोल’ म्हटलंच नाही. रंगाच्या कांड्या दिल्या आणि सू-च्यूच्या फोनमध्ये आधीच टिपलेलं, घरच्या बदकावर खेकसणाऱ्या आनिंगचं बोलणं ऐकलं.

“ह्याला निवडक मौन म्हणतात. नाव फसवं आहे, निवड तिची नसते. परक्या ठिकाणी भीती तिचा गळा आवळते. ना हट्ट, ना मंदपणा. जोर केलात की भीती वाढते. आधी रिकाम्या वर्गात आईशी, मग शाळेच्या बाईंसमोर एक शब्द, असं हळूहळू जाऊ.”

“पण बोलेल कधी? दिवस सांगा,” सासूबाई म्हणाल्या.

“आजी, दिवस सांगणारा एक बघून झालाय ना तुमचा?”

तेवढ्यात आनिंगने आजीची बाही ओढली आणि कानात विचारलं, “शेपूट खरंच नाही ना?”

तुमच्या घरात असं मूल असेल तर ते कुठे बोलतं, कुठे नाही, हे नीट बघा, आणि जाणत्या डॉक्टरला सांगा. आणि प्रत्येक प्रश्नाला ‘हो’ म्हणणारा देव भेटलाच, तर त्याला एकदा शेपटीबद्दल विचारा.