भूतकाळ पुढच्या पुस्तकात

तिने विजार उलटी केली, मागच्या शिवणीत ब्लेडचं टोक घातलं आणि एकेक टाका उसवायला लागली.

"काकू, दोन बोटं तरी सैल होईल ना?" समोरच्या स्टुलावर बसलेल्या मुलाने विचारलं. "लग्न पुढच्या आठवड्यात आणि बटणच लागत नाही!"

"होईल की. आत कापड दाबून ठेवलंय मी. तुम्हा पोरांची पोटं कधी सुटतील याचा काय भरवसा!"

तो खळखळून हसला. शाळेपासूनचा हा तिच्या मुलाचा मित्र. दोघं या दुकानाच्या पायरीवर तासन्‌तास बसायचे, गिऱ्हाइकाला आत यायला वाट नाही ठेवायचे. तेव्हा दोघंही सारखेच, नुसती हाडं. तिच्या मुलाला तर त्याचा बाप 'काडी'च म्हणायचा, काडीपैलवानातला काडी. आणि आता हा बघा, हनुवटीखाली मांस आलंय. त्याच्या कमरेभोवती टेप फिरवताना तिला हात चांगला लांब करावा लागला.

"काकू," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज एकदम खाली आला. "तो असता ना, तर..."

"हो रे बाबा."

मागे शिलाई मशीनला तेल देत बसलेला तिचा नवरा उठला. त्याने त्या मुलाकडे, त्याच्या पोटाकडे, एकदा पाहिलं आणि तेलाची बाटली उघडीच टाकून तो बाहेर निघून गेला. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लग्न ठरलेल्या पोराला दोन शब्द बोलता येत नाहीत माणसाला?

मुलगा गेल्यावर नवरा परत आला. बाटलीचं बूच लावत म्हणाला,

"तिकडे गेलं की सुटलो यातून. तिकडे कुणी आपल्याशी आवाज खाली करून बोलणार नाही."

तिला तो खाली आलेला आवाजच हवा होता, हे त्याला कसं सांगावं? पाववाला सुटे पैसे देताना असाच हळू बोलायचा. शेजारचा चष्मेवाला तिच्या चष्म्याचा स्क्रू घट्ट करताना मुद्दाम वेळ लावायचा. सात वर्षं झाली होती. "येतो गं" म्हणून पोरगा मोटरसायकलवरून गेला तो गेलाच. पण या गल्लीत लोकांचे आवाज जेवढे खाली यायचे, तेवढा तो अजून होता.

तिकडे म्हणजे परदेशातल्या त्या समुद्रकाठच्या गावात. नवऱ्याने सारा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात घालवलेला, गुडघे कामातून गेलेले. निवृत्त झाल्यापासून त्याच्या डोक्यात हे खूळ शिरलं होतं. तिकडची हवा उबदार, घरं स्वस्त, डॉक्टर चांगले. दोन खोल्या त्याने पाहूनही ठेवल्या होत्या, तळमजल्यावरच्या. "आयुष्यभर लिफ्टा दुरुस्त केल्या, म्हातारपणी लिफ्टशिवाय राहणार," असं तो ज्याला त्याला सांगायचा. ती हो ला हो करत आली होती. आता रविवारी घर आणि दुकान विकत घेणारा माणूस सह्यांना यायचा होता. राहता राहिली तिकडच्या भाषेची तोंडी परीक्षा. ती पास झाल्याशिवाय तिकडे कायमचं राहू देत नव्हते. म्हणून दोघं दर बुधवारी क्लासला जात, आणि घरी जेवण झालं की पुस्तक उघडून एकमेकांना प्रश्न विचारत.

त्या दिवशी जेवणाचं टेबल पुसून झाल्यावर नवऱ्याने धडा उघडला. 'आमचं कुटुंब.'

"तू विचार, मी उत्तर देतो," तो म्हणाला.

तिने बोट ठेवून वाचलं. "तुम्हाला मुलं आहेत?"

"नाही. आम्ही दोघंच."

किती सफाईने बोलला! एरवी दोन शब्द जोडताना घाम फुटायचा त्याला. म्हणजे हे वाक्य त्याने घोकलं होतं. आंघोळ करताना, दाढी करताना, कोण जाणे कधीपासून.

"काय म्हणालात?" तिने आपल्या भाषेत विचारलं.

"अगं, परीक्षेत सोपं पडतं. नाही म्हटलं की पुढचा प्रश्नच येत नाही."

"आणि परीक्षा झाल्यावर? शेजारीण विचारेल, दुकानदार विचारेल, तेव्हा?"

तो पुस्तकाचं पान उलटू लागला. तिला काय ते कळलं.

"म्हणून जायचंय का तुम्हाला तिकडे? उबदार हवा म्हणे! तोंड वर करून 'नाही' म्हणता यावं, म्हणून हे सगळं?"

"मग काय सांगशील तू?" त्याचाही आवाज चढला. "होता म्हणशील? भूतकाळ येतो का तुला? पुढच्या पुस्तकात आहे भूतकाळ! अगं, दोन मजल्यांच्या मधे अडकलोय आपण. सात वर्षं. ना वर, ना खाली. मला बाहेर पडायचंय."

"तर पडा. मी नाही येत. रविवारी सही करणार नाही मी."

त्याने पुस्तक मिटलं. नंतर नळाखाली तोच तो एक पेला किती वेळ विसळत उभा राहिला.

तरी बुधवारी दोघं क्लासला गेलेच. न जायचं ठरवायला आधी एकमेकांशी बोलावं लागलं असतं.

क्लास एका जुन्या शाळेच्या वर्गात भरायचा. बाकं लहान मुलांची, त्यामुळे सगळ्या म्हाताऱ्यांचे गुडघे बाकाला टेकायचे. शिकवणाऱ्या बाई मूळच्या तिकडच्याच, हसऱ्या, हातवारे करून बोलणाऱ्या. वर्गात पाऊल टाकलं की फक्त त्यांचीच भाषा, हा नियम. शब्द अडला तर हात, नाक, डोळे काहीही वापरा, पण आपली भाषा नाही. धडा अर्थातच तोच होता, 'आमचं कुटुंब.' निवृत्त नर्सबाईंनी आपल्या चार नाती, त्यांचे केस आणि डोळ्यांचे रंग सांगता सांगता सगळ्यांना दमवलं. मग बाई तिच्याकडे वळल्या.

"तुम्हाला मुलं आहेत?"

शेजारी नवऱ्याने वही इतकी घट्ट धरली होती की तिचे कोपरे मुडपले होते. मुडपू देत, असं तिला वाटलं. तिला त्या क्षणी त्याची मुळीच दया आली नाही.

"एक," ती म्हणाली. "एक मुलगा आहे."

"अरे वा! केवढा आहे?"

"एकोणीस वर्षांचा." एकेक शब्द सापडत गेला. "उंच आहे. खूप बारीक. कमी जेवतो. जास्त हसतो."

"किती छान!" बाई म्हणाल्या. मग नवऱ्याकडे वळून त्यांनी मिस्कीलपणे भुवया उंचावल्या. "बाबांचं काय म्हणणं? आई बरोबर सांगते?"

आता हा 'नाही' म्हणणार. आम्ही दोघंच, म्हणणार. तिने डोळे मिटून घेतले.

"नाही," तो म्हणाला.

सगळ्यांनी माना वळवून त्याच्याकडे पाहिलं.

"सव्वीस," तो म्हणाला. "एकोणीस नाही. सव्वीस."

वर्गात हशा पिकला. "बापांना कुठे लक्षात असतात मुलांची वयं!" नर्सबाई म्हणाल्या. बाईही हसल्या. "दोघांपैकी एक नापास," त्या म्हणाल्या.

तिने डोळे उघडले. नवरा हसत नव्हता. कपाळावर आठ्या घालून तो पुढचा शब्द शोधत होता, एखाद्या लिफ्टच्या बिघाडाकडे बघायचा तसा, बाकी जगाची शुद्ध नसल्यासारखा.

"बारीक नाही," तो सावकाश म्हणाला. "आधी..." भूतकाळातलं क्रियापद त्याला येत नव्हतं. त्याने ते सोडून दिलं. "आता बारीक नाही. आता थोडं पोट आहे." शब्द बरोबर आहे की नाही याची खात्री नव्हती, म्हणून त्याने स्वतःच्या पोटावर हात ठेवून दाखवला. "असं. माझ्यासारखं."

पुन्हा सगळे हसले. ती मात्र त्या हाताकडे बघत राहिली. तिने आपलं पोर एकोणीस वर्षांचं ठेवलं होतं, आहे तसं, घडी न मोडता. आणि या माणसाने तोंडातून अवाक्षर न काढता त्याला वाढवलं होतं. दर वर्षी एकेक वर्ष. त्याला सव्वीस वर्षांचा केला होता, अंगाने भरू दिला होता. त्या दिवशी दुकानात त्याने मित्राचं पोट का पाहिलं होतं, ते तिला आत्ता कळलं. तो माप घेत होता.

आपल्या कारागीर डोळ्यांना हे कसं दिसलं नाही? तिला स्वतःची लाज वाटली. बाकाखाली तिने आपला गुडघा त्याच्या दुखऱ्या गुडघ्याला टेकवला. त्याने तो बाजूला घेतला नाही.

बाईंना काहीच माहीत नव्हतं. त्यांना धडा पुढे न्यायचा होता.

"बरं, तुम्ही दोघं आमच्या देशात राहायला जाणार. मग मुलगा? तो इथेच राहतो का?"

हा प्रश्न पुस्तकात नव्हता. नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं. सात वर्षांत असं पाहिलं नव्हतं त्याने तिच्याकडे, सरळ, काही न लपवता. उत्तर तिने द्यायचं होतं.

तिने मनाशी शब्द जुळवले.

"नाही," ती म्हणाली. "तोही येतो."

"'येईल'," बाईंनी प्रेमाने दुरुस्त केलं. "पुढे घडणार आहे ना? मग 'येईल' म्हणायचं."

"येतो," नवरा म्हणाला.