दोनशे सतरावा फॉर्म

बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या गल्लीत सकाळचे ऊन एकदम येत नाही. आधी ते समोरच्या घराच्या कौलांची वरची ओळ उजळते आणि बराच वेळ तिथेच थांबते. मग भिंतीवरून सावकाश घसरत चुन्याचे पोपडे दाखवते आणि खिडकीच्या गजांतून आत येते. आमच्या माजघराच्या छपरात एक काचेचे कौल आहे. त्यातून उतरलेला उजेड माझ्या थोरल्या भावाच्या, अण्णाच्या, हातमागावर पडतो. ताणलेले उभे धागे आधी काळे दिसतात, मग तपकिरी, आणि शेवटी आपल्या खऱ्या जांभळ्या रंगावर येतात. सुताची बारीक तूस त्या उजेडात वर जाते, खाली येते, कुठेच टेकत नाही. १९८६ च्या फेब्रुवारीतल्या त्या सकाळी मी हे सारे प्रथमच पाहावे तसा पाहत बसलो होतो. नजर तिथून काढली असती तर ती खुंटीवरच्या सदऱ्याकडे गेली असती, आणि सदऱ्याच्या खिशात कोर्टाचे समन्स होते.

"दोन घास खा की रं," आई म्हणाली. "कोर्टात काय माणसाला खातात व्हय?"

मी भाकरीचा तुकडा तोंडात घातला. उरलेली झाकून ठेवली आणि खुंटीवरचा सदरा काढला.

दोन वर्षांपूर्वी मी बेळगावातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात मनोविकार विभागाचा संशोधन साहाय्यक झालो. खेड्यांतून मनाचे आजार किती आहेत, याचा आमच्या सरांना अभ्यास करायचा होता. मी निपाणीच्या बाजूच्या गावांतून घरोघर जायचो आणि चाळीस प्रश्नांचा फॉर्म भरायचो. उत्तरांचे आकडे होत, आकड्यांची कार्डे पुण्याला भोके पाडून तयार होत, आणि तिथला कॉम्प्युटर प्रत्येक माणसाला चारांपैकी एका गटात बसवी. दोनशे सतरावा फॉर्म शालन नावाच्या एका जैन विधवेचा होता. कॉम्प्युटरने तिला चौथ्या गटात बसवले. चौथा गट म्हणजे तीव्र.

सर दयाळू होते. चौथ्या गटातल्या प्रत्येकाच्या घरी त्यांनी पत्र धाडायला सांगितले: आजार गंभीर दिसतो, रुग्णाला इस्पितळात आणावे, उपचार मोफत होतील. ती पत्रे मीच लिहिली. शालनबाईंचे पत्र त्यांचे दीर पार्श्वनाथ यांच्या हाती पडले. ते इस्पितळात आले नाहीत, वकिलाकडे गेले. वहिनी वेडी आहे, तिची जमीन आणि सात वर्षांची मुलगी ब्राह्मी आपल्या ताब्यात द्यावी, असा अर्ज त्यांनी जिल्हा कोर्टात केला. शालनबाई कोर्टात नीट बोलल्या होत्या. पण हा आजार येतो नि जातो, असे दिराच्या वकिलाचे म्हणणे होते, आणि पुराव्याला आमचा फॉर्म होता. मागच्या तारखेला सरांनी साक्षीत सांगितले, "मी स्वतः रुग्णाला पाहिलेले नाही. माझ्या साहाय्यकाने पाहिले आहे."

आता सगळे माझ्यावर येऊन थांबले होते.

कोर्टाआधी मी विभागात गेलो, फॉर्म घ्यायला. आमचा कारकून रवळू टेबलावर पाय टाकून बसला होता.

"या, कल्लाप्पा साहेब! तुमच्या मशिनीनं बाई येडी ठरवली म्हणं. माझ्या बायकूचा बी एक फॉर्म भरा की. लई बोलतीया, कुठल्या गटात बसंल बघू."

"रवळू, गप बस."

"आरं, घाबरतोस कशाला? तू बघितलंस, तू लिहिलंस, तेवढं सांगायचं नि यायचं." मग त्याने माझ्याकडे नीट पाहिले आणि पाय खाली घेतले. "बघितलंस न्हवं?"

"हो."

फॉर्म पिवळट पडला होता. बोलणे: नाही. अन्न: नाकारते. लोकांत मिसळणे: नाही. अक्षर माझेच, सुबक. तळाशी पार्श्वनाथांची माहिती देणारा म्हणून सही, आणि तिच्या वर एक चौकट: रुग्णाला प्रत्यक्ष भेटून पाहिले. त्या चौकटीतली खूणही माझीच.

कोर्टाकडे चालत जाताना मला ते घर आठवत राहिले. भाद्रपदातली दुपार होती. सोप्यावर, म्हणजे घराच्या बाहेरच्या ओसरीवर, पार्श्वनाथांनी मला चहा दिला होता. "मास्तर, काय सांगू तुमाला? आठ दिस झालं, तोंडातनं शब्द न्हाय. जेवत न्हाय. बस्तीत जाऊन बसतीया ती बसतीयाच." बस्ती म्हणजे त्या गावातले जैन मंदिर. परक्या बाईशी बोलायचे म्हटले की माझे तळवे भिजत. तीनची बस चुकली असती तर पुढची संध्याकाळी होती. मी उत्तरे लिहून घेतली. निघताना बस्तीच्या दारातून एक पांढरे लुगडे आत गेल्याचे मला आठवत होते. त्या शालनबाईच होत्या, असे मी स्वतःला दीड वर्षात इतक्या वेळा सांगितले होते की त्या लुगड्याला आता चेहराही आला होता, खोल गेलेले डोळेही.

साक्षीदाराच्या पिंजऱ्याचे लाकूड हातांना चिकट लागले. शपथ घेताना माझा आवाज मला दुसऱ्या कुणाचा वाटला. शालनबाईंचे वकील भावकूराव म्हातारे होते. ते घाईने काहीच करत नसत, आणि त्याचीच मला अधिक भीती वाटली.

"कल्लाप्पा, तुम्ही राहायला कुठं?"

"शहापूरला."

"शेजारी जैन घरं आहेत?"

"आहेत. तीन."

"मग भाद्रपदात दशलक्षणाचे दहा दिवस ती माणसं काय करतात, ठाऊक असेल."

खोलीतला पंखा संथ फिरत होता. आमच्या शेजारच्या सुमतीआक्का दर वर्षी त्या दहा दिवसांत उपास धरतात, मौन घेतात. लहानपणी आम्ही खेळताना आवाज केला की आई ओरडे, आक्कांचं व्रत आहे रं. हे मला ठाऊक नव्हते असे मी म्हणू शकत नव्हतो.

"उपास करतात," मी म्हणालो. "काही जण मौन धरतात."

"फॉर्मवरची तारीख वाचा."

मी वाचली. ती त्या दहा दिवसांतलीच होती. न्यायाधीशांनी मान वर केली. दिराचा वकील उठला. व्रत कुठले आणि वेड कुठले, हे शिकलेल्या माणसाला समोर पाहून कळतेच, आणि साक्षीदाराने बाईंना समोर पाहिले आहे, असे तो म्हणाला. त्याने जणू मला दोर टाकला. मी तो धरायचा होता, इतकेच.

"बरोबर आहे," भावकूराव म्हणाले. "तुम्ही बाईंना पाहिलंत?"

"फॉर्मवर तसं लिहिलं आहे."

"फॉर्म असू दे बाळ. तुम्ही पाहिलंत का?"

नोकरी, सरांचे दोन वर्षांचे काम, अण्णाने मागावर बसून मला शिकवले ते सारे डोळ्यांपुढे आले. "पाहिलं," मी म्हणालो.

"मग दाखवा त्यांना."

मागच्या बाकावर पाच बायका बसल्या होत्या. गावच्या बस्तीतल्या बायका शालनबाईंच्या सोबतीला आल्या होत्या. पाचही जणींची लुगडी पांढरी होती. पाचही जणींनी पदर डोक्यावरून घेतला होता. मी खोल गेलेले डोळे शोधले. तसे कुणाचेच नव्हते. एक जाड भिंगांचा चष्मा लावलेली, एक तरुण, सावळी. एकीच्या मांडीवर दोन वेण्या घातलेली मुलगी झोपली होती, पण ती मुलगी त्या बाईची की दुसऱ्या कुणाची? मी डावीकडून उजवीकडे पाहत गेलो आणि पुन्हा उलटा आलो. पार्श्वनाथ खाकरले. त्यांनी नजरेने मला वहिनी दाखवायचा प्रयत्न केला, पण न्यायाधीशांनी त्यांच्याकडे पाहिले तशी त्यांनी मान खाली घातली.

पाचांतली एकही जण मला ओळखत नव्हती. रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाकडे पाहावे तशा त्या माझ्याकडे पाहत होत्या.

"साक्षीदार, उत्तर द्या," न्यायाधीश म्हणाले.

मी पिंजऱ्याची दांडी घट्ट धरली.

"साहेब, मी सोप्यावरूनच परत आलो होतो. शालनबाईंना मी कधीच पाहिलेले नाही."