मुक्या गाडीला मंजुरी नाही

ऑफिसात तिला सगळे 'हँडब्रेक' म्हणत, आणि ते तिला चांगलं ठाऊक होतं. गाड्यांच्या कारखान्यातल्या चाचणीप्रमुखाने गाडी थांबवायची नाही तर काय नुसत्या टाळ्या वाजवायच्या? नाव ठेवणाऱ्यांची तोंडं धरायला ती मोकळी नव्हती. तिला कामं होती.

सध्याचं काम नव्या गाडीचं. हिच्या पोटातच सिम कायमचं बसवलेलं होतं. नकाशे, दुरुस्तीच्या सूचना, गाणी, सगळं त्याच्यावर. आणि आरशाशेजारी एक लाल बटण. अपघात झाला, छातीत कळ आली, तर ते दाबायचं. कंपनीच्या मदतकेंद्रातला माणूस बोलणार, गाडी कुठे आहे ते त्याला दिसणार, तो ॲम्ब्युलन्स धाडणार. जाहिरातीत या बटणाचं कौतुक इतकं, की अपघात व्हावा असं वाटावं.

वर्षभर चाचणीच्या गाड्या रानोमाळ हिंडल्या. खाणीमागे रस्ता खोल उतरतो, तिथेही रेंज भरभरून मिळाली. मग कारखान्यातून विक्रीची पहिली गाडी बाहेर पडली आणि जुन्या नियमाप्रमाणे तिने ती त्याच रस्त्यावर काढली. मावशीकडे जायचं म्हणून आईही शेजारी बसली होती. आई मावशीशी फोनवर आधीच गप्पा मारत होती, पोचेपर्यंत कुणाला दम होता! खाणीमागच्या उतारावर तिने लेकीला विचारलं, हे लाल कशाला, आणि उत्तराची वाट न पाहता दाबलंच.

काहीच झालं नाही. दोघी वाट बघत बसल्या. आईच्या फोनमधून मावशी गुडघ्यांबद्दल खणखणीत बोलत होती, आणि लाखमोलाची गाडी ढिम्म.

"अगं, तुझी गाडी मुकी आहे," आई म्हणाली.

खोट कुठे होती, ते तिला तिथेच, स्टेअरिंगवर हात असताना उमगलं आणि कानशिलं तापली. चाचणीच्या गाड्यांतली सिमं परदेशातल्या मुख्य कार्यालयातून यायची, पहिल्यापासूनची रीत. परदेशी सिम म्हणजे पाहुणा. या दारात नाही तर त्या दारात, कुणीतरी त्याला आत घेतंच. विक्रीच्या गाडीतलं सिम मात्र इथलं, एकाच मोबाइल कंपनीचं, करार करून कुलूपबंद केलेलं. त्या कंपनीचा टॉवर खाणीमागे नव्हताच; आईच्या फोनची कंपनी दुसरी, तिचा होता. वर्षभर त्यांनी पाहुण्याची सरबराई मोजली होती आणि घरच्याचे हाल कुणी पाहिलेच नव्हते. ती रीत तिनेही कधी मोडली नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिने साहेबांसमोर सगळं मांडलं, चूक आपल्याच विभागाची हेही सांगितलं. उपाय सोपा होता. या जातीच्या सिमवर दुसऱ्या कंपनीचं नेटवर्क गाडी न उघडता, हवेतूनच चढवता येतं, मानकच तसं आहे. कुलूप काढा, जिथे जिची रेंज असेल तिथे तिला गाडी धरू द्या. साहेबांनी भिंतीवरचा नकाशा दाखवला. मोबाइल कंपनीने सगळा मुलूख निळा रंगवून दिला होता, खाणही निळी. करार झाला आहे, ते म्हणाले, दुसऱ्या कंपनीला आत घेतलं तर ते नाराज होतील, पुढच्या वर्षी बघू. आणि त्या उतारावरून जातं कोण?

"माझी आई जाते," ती म्हणाली.

आईला हमरस्त्याने जायला सांगा, असं साहेब हसत म्हणाले. मग हसू आवरून त्यांनी ऐकवलं, की मंजुरी ते स्वतः देतील आणि तिने उद्यापासून रंगाच्या खात्यात बसावं. त्यांच्या मते सुंठीवाचून खोकला गेला.

"जाते रंगात," ती म्हणाली. "पण जो मंजुरी देतो त्याने पहिली गाडी घरच्यांना बसवून चाचणीच्या रस्त्याने पार न्यायची, आणि तो पोचल्यावरच बाकीच्या गाड्या सोडायच्या. ब्रेक तपासायच्या काळापासूनचा नियम आहे. आजवर तो मी पाळला. आता तुम्ही पाळा."

अख्खा विभाग ऐकत होता. साहेबांनी तिथूनच घरी फोन लावला आणि बायको-मुलीला संध्याकाळी बोलावलं.

संध्याकाळी वहिनी आणि लहानगी मुलगी आल्या. साहेब स्वतः चालवायला बसले, मुलगी मागे बसून खिडकीतून सगळ्यांना टाटा करू लागली आणि गाडी निघाली. फाटकाशी नव्या गाड्या लादलेले ट्रक इंजिनं चालू ठेवून उभे होते. वर चाचणीच्या खोलीत पडद्यावर गाडीचा ठिपका सरकत होता, आणि घरी जायचं सोडून सगळे त्याच्याभोवती गोळा झाले होते. टाकी, पूल, शाळा. मग खाणीचा फाटा आला. डावीकडे उतार, उजवीकडे हमरस्ता.

ठिपका थांबला.

लोका सांगे ब्रह्मज्ञान, ती मनात म्हणाली, आणि तिने गाडीलाच फोन लावला. फाट्यावर रेंज होती. साहेबांनी फोन घेतला, आवाज आता अख्ख्या गाडीत जाणार होता.

"साहेब, डावीकडे वळा. नकाशात निळं आहे."

मुलगी मागे काहीतरी गुणगुणत होती.

"डावीकडे काय आहे?" वहिनींनी विचारलं.

तिने साहेबांना बोलायला वेळ दिला.

"वहिनी, तिकडे गाडी उलटली आणि तुम्ही लाल बटण दाबलंत, तर कुणालाही ऐकू जाणार नाही. साहेबांना ते सकाळपासून माहीत आहे. खाली ट्रकवर अशाच गाड्या आहेत, आणि त्यांत बसणाऱ्यांना माहीत नाही."

तिकडे दार उघडल्याचा आवाज आला. मग वहिनींचा, लांबून, रस्त्यावरून आलेला, "उतर बाळा, आपण चालत जाऊ."

ठिपका फाट्यावरच होता. मग साहेब बोलले, आणि त्या आवाजात साहेबी उरली नव्हती. "कुलूप काढायला किती वेळ लागेल?"

"लागेल तेवढा लागेल," ती म्हणाली. खिडकी उघडून ती बाहेर वाकली आणि फाटकावरच्या माणसाला ओरडून म्हणाली, सगळ्या ट्रकची इंजिनं बंद करायला सांग.