शेंदराखालचं नाव

मी दगड आहे, पण आज गप्प बसणार नाही. मुरबाडहून शहापूरकडे जाताना आत कातळवाडीचा फाटा लागतो. वाडीच्या वेशीवर पत्र्याच्या छपराखाली मी उभा आहे. लोक मला वीरदेव म्हणतात. मी देव नाही. मी नामा कमळूच्या नावाचा दगड आहे.

नामा पासष्टच्या लढाईत गेला. घरी त्याची पेटी आली आणि एक तार आली. अग्नी द्यायला काहीच आलं नाही. म्हणून त्याच्या बापाने, कमळूने, मुरबाडच्या पाथरवटाकडून मला घडवून घेतलं. पलटणीतल्या एका दोस्ताने कागदावर लिहून दिलं होतं: नाव, शिपाई नंबर, पलटण, मेल्याची तारीख.

कमळूला अक्षर येत नव्हतं. तो पाथरवटाला विचारायचा, "आता काय लिवलंस?"

"ना."

"आन आता?"

"मा."

मग कमळू खाली बसला. दिवस मावळेपर्यंत त्याने पाणी घेतलं नाही. बैलगाडीत पेंढ्यावर निजवून त्याने मला आणलं. वाटेत खड्डा आला की माझ्यावर हात ठेवायचा, पोरावर ठेवतात तसा. पुढे तो होता तोवर मला नुसत्या पाण्याने धुवायचा. दुसरं काही लावू देत नसे.

तो गेला आणि माझी दशा झाली. कुणा बाईने तापलेलं मूल माझ्यापुढे आणून ठेवलं. ताप उतरला. उतरणारच होता. पण तिने मला शेंदूर फासला. मग वाडीच फासू लागली. तेल, शेंदूर, पुन्हा तेल, पुन्हा शेंदूर. माझ्या कडेवर नारळ फोडू लागले, त्यात कडेचा टवका उडाला. नामाचं नाव बुजून गेलं आणि कुणाला त्याचं काही वाटलं नाही. ज्याने हे छप्पर घातलं त्याचं नाव मात्र पत्र्यावर हातभर अक्षरांत आहे. त्याला दर दिवाळीला नवा रंग मिळतो. नामाने जीव दिला, त्याच्या वाट्याला बोटभर जाड लगदा.

दोन महिन्यांमागे नामाची बहीण भिमी माझ्यासमोर येऊन बसली. भाऊ गेला तेव्हा आठ वर्षांची होती, आता सत्तरीला आली. बरोबर तिची नात मीना होती, आसनगावला कामाला जाते ती. भिमीने नातीकडे एकच मागणं केलं होतं. आपला भाऊ कुठे पडला आणि त्याला कुठे जाळलं, एवढं मरायच्या आधी कळावं. घरातली तार वाळवीने खाल्लेली. मीना सैनिकांच्या कचेरीत जाऊन आली. तिथल्या माणसाने सांगितलं, नंबर आणि पलटण आणा, नुसत्या नावावर शोधणं कठीण.

"नंबर दगडावं हाय," भिमी म्हणाली आणि खुरपं काढलं.

तेवढ्यात माझी पूजा करणारा पंढरी धावत आला. "आते, देवाला लोखंड लावतीस? कोप व्हईल."

"होऊ दे. बहिणीवर कोपला तर कान पिळीन त्याचा."

"हसन्यावारी नको नेऊ. वाडीचा देव हाय."

"ह्याच्या पाठीवं बसून मी ओढा उतरलेय, पंढरी. हा देव कदी झाला? मला कोनी इचारलं नाय."

वाडी जमली. कौल लावायचं ठरलं. माझ्या दोन खांद्यांवर दोन फुलं चिकटवली. उजवं पडलं तर खरवडायचं, डावं पडलं तर नाही. माझ्या अंगावर लिहिलेलं इतकी वर्षं कुणी वाचलं नाही, आणि आता फुलाला विचारत होते. डावीकडे ऊन होतं. तिथलं तेल पातळ झालं आणि डावं फूल पडलं.

"बघ, नाय म्हनतो," पंढरी म्हणाला.

कोप म्हणता ना? तो मला त्याच क्षणी आला होता, पण भिमीवर नाही.

भिमीने खुरपं नातीच्या हातात दिलं. "लोखंड नाय लावत," म्हणाली. मग करवंटी घेतली, कोमट तेल घेतलं आणि खरवडू लागली. तिला हात लावून अडवायची कुणाची छाती झाली नाही. दुपार टळली तेव्हा लगद्याची खपली सुटली. मीनाने मोठ्याने वाचलं, "शिपाई नामा कमळू."

पंढरी जवळ सरकला. "म्हंजे हा मानूस व्हता?"

"पोरगा व्हता," भिमी म्हणाली. "बावीस वर्सांचा."

पलटण निघाली, तारीख निघाली. नंबरही निघाला, पण शेवटचे दोन आकडे नारळांनी उडालेल्या कडेवर होते. अर्धी अर्धी रेघ उरली आहे. मीनाने फोटो पाठवले. कचेरीतून निरोप आला की फोटोत नीट कळत नाही, पुढच्या महिन्यात त्यांचा माणूस येऊन दगड स्वतः पाहील.

आणि उद्या माझी जत्रा आहे. पंढरीने शेंदराचा डबा आणून माझ्या पायाशी ठेवला आहे. तो वाईट माणूस नाही. पण वाडीने सांगितलंय, देव उघडा राहता कामा नये.

वाडीकरांनो, त्या दोन रेघा शेंदराने भरल्या तर ती बाई तशीच मरेल. तुम्हाला देव हवाच असेल तर माझ्या मागे जा. माझी पाठ कोरी आहे, पाथरवटाने तिथे एक टाकीही मारलेली नाही. तिथे फासा काय फासायचं ते. पुढून मात्र हात काढा.