शिट्टीवर न सुटलेला डोंगा

मित्रांनो, मी एक जुना डोंगा आहे. डोंगा म्हणजे एकाच झाडाच्या खोडातून कोरलेली नाव. तिला जोड नसतो, सांधा नसतो. चांदा जिल्ह्याच्या जंगलातून कठाणी नदी वाहते, तिच्या घाटावर कहूच्या झाडाच्या मुळीला मला बांधून ठेवलेलं असतं. माझ्या बुडाला एक लांब भेग पडली आहे. माझा मालक इस्तारी ढिवर उन्हाळ्यात तिच्यात राळ भरतो आणि पावसाळ्यात ती पुन्हा थोडी पुढे सरकते. मग हा माणूस नवा डोंगा का करत नाही, असं तुम्ही विचाराल. तेच सांगायचं आहे, जरा धीर धरा.

मी मूळचा साग. इस्तारीच्या बापाने, लटारूने, मला तोडलं. तोडलं तरी लगेच कोरलं नाही. ओला साग कोरला तर तो पुढे दगा देतो, म्हणून एक पावसाळाभर मला तळ्याच्या गाळात पुरून ठेवलं. मग बाहेर काढून वासल्याने पोट कोरलं, आत मंद विस्तव ठेवून कडा फाकवल्या आणि करंजीचं तेल पाजलं. ते तेल मी इतकं प्यायलो की लटारूची बायको म्हणाली, हा डोंगा नसून जावई दिसतो.

आमच्याकडे अशी रीत होती की ज्या दिवशी डोंग्याचं झाड तोडायचं, त्याच दिवशी पुढच्या डोंग्याचं झाड ठरवून ठेवायचं. माझ्या शेजारी एक पोरगेला साग उभा होता. लटारूने त्याच्या बुंध्याला हळद लावली. तेव्हापासून गावात त्याला 'धाकटा' म्हणत. मी म्हातारा होईन तेव्हा धाकटा जून होईल आणि माझी जागा घेईल, असा सगळा हिशोब होता. दर दिवाळीला त्याला हळद लागायची आणि त्याच्यावर कुणी कुऱ्हाड उगारायचं नाही.

घाटाचीही एक रीत होती. पलीकडच्या काठावरून कुणी तोंडाभोवती हात धरून 'होऽऽ' अशी लांब हाक दिली की डोंगा सुटलाच पाहिजे. जेवत असाल तर ताटावरून उठायचं. हाक कुणाची, हे विचारायचं नाही. लटारूचं एका माणसाशी बांधावरून हाडवैर होतं. त्यालाही लटारू घेऊन यायचा. पाण्यात असेपर्यंत दोघे मुके, आणि काठाला पाय लागला की पुन्हा शिव्या सुरू. लटारू गेल्यावर इस्तारीने ही रीत तशीच चालवली. मी किती नवऱ्या सासरी पोचवल्या आणि किती आजारी माणसं गडचिरोलीच्या वाटेला लावली! ते माझे चांगले दिवस होते.

मग छप्पन सालच्या नोव्हेंबरात कळलं की आपण आता मुंबई राज्यात आलो. आम्ही कुठे गेलो नव्हतो. गाव जागच्या जागी होतं, नदीही तिथेच होती. फक्त राजधानी नागपुराहून उठून समुद्राकाठी गेली. घाटावर बसणारा देवाजी तंबाखू मळत म्हणाला, "नागपूर तरी कोनं कोनं पाह्यलं होतं. जाऊन रडता येत होतं. मुंबईले जाऊन कोनापाशी रडाचं?"

देवाजीला बोलायला कारण होतं. त्याच्या घराचं आढं मोडलं होतं. पूर्वी निस्तारात, म्हणजे गावाच्या जंगलहक्कात, गावाला घरापुरतं लाकूड मिळायचं. आता जंगलखात्याला विचारायला गेला तर उत्तर मिळालं की सगळा माल मुंबईच्या ठेकेदाराला विकला आहे. आपल्याच रानात पडलेल्या खोडाला त्याने हात लावला, तर दिवसभर त्याला नाक्यावर बसवून ठेवलं. मुंबई मी पाहिलेली नाही, मित्रांनो. पण तिची भूक पाहिली आहे. लाकडाने भरलेल्या मोटारी जाताना पाहिल्या, येताना त्या रिकाम्याच यायच्या. पूल होणार असं ऐकलं होतं, त्याचीही कुठे वीट दिसली नाही.

त्याच हिवाळ्यात ठेकेदाराचा साहेब पलीकडे येऊन उभा राहिला. डोक्यावर टोप होता. त्याने हाक दिली नाही, खिशातून शिट्टी काढून वाजवली. इस्तारी जेवायला बसला होता. हात धुऊन तसाच निघाला, कारण रीत म्हणजे रीत. साहेब माझ्यात बसला, बुटाने माझ्या कडेवर दोनदा ठोकून म्हणाला, "केवढा साग वाया घालवलात रे! मुंबईत याची चांगली दारं झाली असती."

इस्तारीने वल्हं जरा जोरात मारलं आणि साहेबाच्या विजारीवर पाणी उडालं.

आठवडाभरात धाकट्यावर तोडीसाठी हातोड्याचा शिक्का बसला. गावाने हळद दाखवली, रीत सांगितली. साहेब म्हणाला की हळद लावून झाड कुणाच्या मालकीचं होत नसतं. धाकटा पडला तेव्हा त्याचा आवाज मी घाटावर ऐकला. इस्तारीची बायको कुंता उरलेल्या बुंध्याला हळद लावून आली. तिने त्या झाडाला धाकट्या दिरासारखं मानलं होतं.

त्या संध्याकाळी इस्तारी घाटावर चार माणसांसमोर म्हणाला, "शिट्टीवर कुत्रं येते. आता ह्या घाटावरून शिट्टीवर डोंगा नाई सुटनार."

"बरोबर बोल्ला," देवाजी म्हणाला.

कुंता भांडी घासत होती. ती तिथूनच म्हणाली, "हाकेले अट नाई लावाची. तुमच्या बापानं कदी लावली का?"

"माह्या बापाचं झाड कोनं नेलं नोतं," इस्तारी म्हणाला. कुंताने पुढचं भांडं ओढलं.

पुढच्या पावसाळ्यात गावात हैजा आला. उलट्या आणि जुलाबांनी धडधाकट माणसं दोन दिवसांत सुकून जाऊ लागली. तळ्यावर माणूस दिसेना. कुंताचा भाऊ मुखरू गडचिरोलीहून डॉक्टर आणायला निघाला. नदी फुगलेली होती, तरी इस्तारीने त्याला माझ्यातून पलीकडे सोडलं. उतरताना मुखरू म्हणाला, "येतो तवा हाक देतो, भाऊजी. कान इकडं ठेवजा."

इस्तारीने कान तिकडेच ठेवला. दुसऱ्या दिवशी देवाजी पडला. तिसऱ्या दिवशी सकाळी कुंता पडली. इस्तारीचं घर घाटाला लागूनच आहे, आतलं बोलणं मला ऐकू येतं. तो तिला पाणी पाजत होता आणि ते पाणी पोटात राहत नव्हतं. मधूनच धावत येऊन तो पलीकडे पाही, पुन्हा आत जाई.

दुपारी पलीकडे कुणीतरी दिसलं. पावसात चेहरा कळत नव्हता, पण डोक्यावर टोप होता आणि पायाशी पेट्या होत्या. माणूस एकटाच होता, मुखरू बरोबर नव्हता. त्याने खिशात हात घातला आणि शिट्टी वाजवली.

इस्तारीचा हात माझ्या दोरावर होता. तो तिथेच थांबला.

शिट्टी पुन्हा वाजली. आतून कुंताने विचारलं, "कोन बलावून राह्यलं?"

"कोनी नाई. ठेकेदाराचा मानूस आहे. लोक मरून राह्यले आन् याले झाडं मोजाची हायेत."

"पाहून तर या."

"मुखरूची हाक आली का जातो. तू बोलू नको, दम लागते तुले."

"जा ना हो," ती म्हणाली. त्यानंतर तिचं बोलणं मला ऐकू आलं नाही.

त्या माणसाने खूप वेळ शिट्टी वाजवली. टोप काढून हलवला, एक पेटी डोक्यावर उचलून दाखवली. इस्तारी त्याच्याकडे पाठ करून बसला होता. मला तर हात नाहीत, मित्रांनो. पाणी मला ओढत होतं आणि दोर मला धरून होता. सूर्य कलला तेव्हा पलीकडचा काठ रिकामा झाला. उजाडायच्या आत कुंता गेली.

त्याच दिवशी दुपारी तो टोपवाला रानातून गावात आला, चिखलाने माखलेला. नदीच्या वरच्या अंगाला गोंडांचं एक गाव आहे. तिथल्या लोकांनी त्याला बांबूच्या तराफ्यावरून उतरवलं होतं. बहुतेक पेट्या त्याला मागेच ठेवाव्या लागल्या, एक तेवढी खांद्यावर घेऊन आला होता. तो डॉक्टर होता. मुंबईचाच होता, नुकताच गडचिरोलीला नेमला गेला होता. पेटीत शिरेतून द्यायच्या पाण्याच्या बाटल्या होत्या.

त्या बाटल्यांनी देवाजी वाचला. मुंबईला सगळ्यांत जास्त शिव्या देणारा देवाजी वाचला. आणखीही काही जण वाचले. हातपाय धुवायला डॉक्टर घाटावर आला तेव्हा त्याच्या तोंडून शब्द धड फुटत नव्हता, नुसता घोगरा वारा येत होता.

"मुखरू वाटेतच आजारी पडला," तो तशाच आवाजात इस्तारीला म्हणाला. "दवाखान्यात आहे, जगेल. गाडीवान हैज्याचं नाव ऐकून मला काठावर सोडून पळाला. माझा घसा तर पाणी उकळून प्या म्हणून गावोगाव ओरडून आधीच बसला होता. शिट्टी होती म्हणून वाजवत राहिलो. काल या घाटावर कुणी नव्हतं का?"

इस्तारीने माझ्या दोराला हात लावला.

"होतो ना, साहेब," तो म्हणाला. "मीच होतो."

कदाचित डॉक्टरला कळलं, कदाचित नाही. त्याने इस्तारीच्या खांद्यावर हात ठेवला आणि इस्तारी खाली बसला तो उठेचना. शेवटी उरलेल्या पेट्या आणायला गावातल्या दोघांनी मला सोडलं. वल्हं इस्तारीने त्या दिवशी धरलं नाही.

नंतर धरलं. आता तो कोणत्याही आवाजाला निघतो. पलीकडचे गुराखी गुरांना शिट्टी घालतात, तरी इस्तारी दोर सोडतो. गुराखी हसतात. तो काठाला लागून विचारतो, "तिकडं याचं हाय का?" कुणी नाही म्हटलं की तसाच परत फिरतो. एवढ्या फेऱ्यांनी माझी भेग वाढते आहे. धाकटा असता तर मी केव्हाच काठावर पालथा पडून उन्हं खात बसलो असतो. पण धाकटा नाही. आणि ज्यांनी तो नेला त्यांना मी माफ केलं आहे, असं कृपा करून समजू नका.

जुन्या वस्तू तुम्हाला शेवटी सांगतात की आम्हाला तेलपाणी करा, आम्हाला जपा. इस्तारी मला जपतो आहे, माझं तेवढं मागणं नाही. पण तुमच्यापैकी कुणी मुंबईत राहत असेल आणि घराला सागवानी दार असेल, तर त्याच्यावरून एकदा हात फिरवा. तो माझा धाकटा असू शकेल. त्याच्या बुंध्याला हळद लागायची, हे त्याच्या लक्षात असेल. आणि बाहेरून थाप पडली तर दार आधी उघडा, मित्रांनो. कोण आहे, ते मग बघा.