पडद्याबाहेरचं फाटक

वडगाव रासाईच्या मळ्यातल्या घरी इंद्रजीतनं कॉम्प्युटर जुन्या, पोट सुटलेल्या टीव्हीला जोडला होता. घरचे त्यावर सिनेमे बघत, आणि गोठ्यावरच्या कॅमेऱ्याचं चित्रही तिथंच येई. पण चित्र कसलं, नुसता चिखल! अक्षरं लागत नसत, कडा कापलेल्या. इंद्रजीत कंपनीत दुसऱ्या पाळीला गेला होता, म्हणून त्याची बायको मोनाली तळेगाव ढमढेऱ्याहून आणलेली नवी वायर जोडायला बसली होती.

दिवस नुकताच मावळला होता. तिची सासू कस्तुराबाई धारा काढायला गोठ्यात गेली होती. तिचाच फोन आला, अगदी दबक्या आवाजात.

"मोनाली, म्हस बिथारलीया. कुत्रं बी गप झालंय. म्या आतनं दार लावलंय. भाईर काय हाय का बघ गं."

परवाच शेजारच्या जयसिंगच्या उसात बिबट्याचे ठसे निघाले होते. मोनालीनं पडद्याकडं पाहिलं. गोठ्याचं दार कसंबसं ओळखू येत होतं, बाकी सगळं मुंग्या आल्यासारखं थरथरत होतं.

सासरे मारुतराव काठी आणि बॅटरी घेऊन उठले.

"आबा, थांबा! दोन मिन्टं."

"ती एकलीच हाय तिथं. आन् तू टीव्ही काय बघत बसलीस?"

"फाटकाकडचं दिसतच न्हाई यात. बघू द्या, मग जावा."

तिनं जुन्या वायरची पिवळी पिन उपसली. नव्या वायरच्या गोल पिनेला चार बारीक काड्या होत्या. घाईत पिन दोनदा तिरकी गेली. तिसऱ्यांदा बसली आणि चित्रावरचं धुकं उतरलं. गोठ्याच्या पत्र्याच्या पन्हाळ्यासुद्धा मोजता येतील इतकं स्वच्छ! पण उजवीकडचं फाटक अजून पडद्याच्या बाहेरच होतं, आणि मारुतराव त्याच फाटकातून जाणार होते.

आता सेटिंगमधली अक्षरं तरी वाचता येत होती. चित्राचा आकार कमी करायचं तिनं निवडलं आणि टीव्ही एकदम काळा झाला.

मागं कडी वाजली.

"आबा, कडी काढू नगा! तुमच्या पाया पडते."

मारुतराव थबकले. चित्र आलं. चारी बाजूंनी काळी पट्टी, मधे आक्रसलेलं अंगण, आणि उजव्या कोपऱ्यात फाटक. फाटकाशी कडब्याच्या गंजीखाली पोतं पडल्यासारखं काहीतरी होतं. पोत्यानं मान वळवली. दोन पांढरे ठिपके चमकले.

मारुतरावांच्या हातातली काठी खाली टेकली.

मोनालीनं सासूला फोनवर दार उघडू नका म्हणून सांगितलं, मग जयसिंगला फोन लावला. तो ट्रॅक्टर घेऊन आला, दिवे लावून, हॉर्न दाबून धरूनच. पडद्यावर बिबट्या उठला, काही घाई नसल्यासारखा बांधावर चढला आणि उसात शिरला. मोनाली तरीही पाच मिनिटं बघत राहिली, मग तिनं सासूला फोन केला.

"या आता, आत्या. गेला."

कस्तुराबाई दुधाची चरवी घेऊन आली. ओट्यावर पोचताच ती मटकन बसली, चरवी मात्र सांडू दिली नाही. मारुतरावांनी ती तिच्या हातातून घेतली. लग्नाला चाळीस वर्षं झाली, पण हे काम त्यांनी कधी केलं नव्हतं. मग ते मोनालीकडं वळले.

"इंद्रजीतला काय सांगू नगंस आत्ता. मोटरसायकलवर येईल पोरगं घाईनं. सकाळी त्याच्यासंगं वनखात्याकडं जाऊ."